कालचं पाणी

विहीणबाई,

काल तुमची तेरवी झाली. पाहुणे परतले, भाड्याची भांडी गेली, आणि आज सकाळपासून मी तुमच्या ओसरीवर, तुमच्याच खुर्चीत बसून हे लिहिते आहे. मीरा आणि आदित्यला येता आलं नाही. एक आयर्लंडमध्ये, एक कॅनडात. फोनवर दोघंही रडले, आणि मग मीराने मला विचारलं, "आजी, तू आणि सौसरची आजी एवढं कशावरून भांडायच्या गं?"

आपण दोघी बोलायला लागलो की ही मुलं कॅरम थांबवून ऐकत बसायची, आठवतं? मी म्हटलं, पाण्यावरून. ती म्हणाली, मग नीट लिहून पाठव, आम्हाला पुढेमागे वाचता येईल असं. म्हणून नीट लिहिते आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "लिवा ईनबाई, समास सोडून लिवा."

माझ्या वसुधाला तुमच्या घरात दिली तेव्हा मी पांढुर्ण्याला शाळेत इंग्रजी शिकवत होते. लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याकडे आले ती पिशवीत स्टीलची बाटली घेऊन. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. माझी तिच्यावर फार श्रद्धा होती असं नाही. पण आईने पाळली होती आणि एकदा हातात आलेली गोष्ट मी सहसा सोडत नाही. तुम्ही पेल्यात पाणी आणलंत. पेला अर्धाच भरलेला, हे मी तेव्हाच टिपलं आणि मनात नावंही ठेवली. मी हात जोडून रीत सांगितली. दुसरी विहीण असती तर रुसली असती. तुम्ही माझ्या शेजारी मांडी घालून बसलात आणि बाटलीकडे बोट दाखवून विचारलंत, हे पाणी कुठलं?

मी म्हटलं, घरच्या नळाचं.

"नळात कुठून येते?"

योजनेतून, मी म्हटलं. तुम्ही पदर तोंडाला लावून हसायला लागलात.

"ईनबाई, तुमचा नळ न माहा नळ एकाच पाण्याचे. धरण एक, फिल्टर एक. पुढं पायपाले फाटा फुटला, एक पांढुर्ण्याले गेला न एक सौसरले आला. थेच पाणी तुमी बाटलीत भरून, बसमध्ये बसवून, इथं आणून राहिल्या. टिकिट काढलं का त्याचं?"

मला हसू आलं, पण पाणी मी माझंच प्याले. पुढे मीरा झाली, रीत संपली. तोवर मला पाणी उकळून, गाळून पिण्याची सवय लागली होती. कारण बदललं, बाटली तीच राहिली. तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात की आमच्या ईनबाईची बाटली आधी उतरते, मागून ईनबाई उतरतात.

अर्ध्या पेल्याचं कोडंही नंतर उलगडलं. तुमच्या घरी पाहुण्याला अर्धाच पेला. लागलं तर पुन्हा मागा, दहा वेळा मागा, पण उष्टं पाणी टाकायचं नाही. चुकून राहिलंच तर ते मोरीत जात नसे, परसातल्या कढीपत्त्याला जाई. मुलांनो, तुम्ही दोघं अजूनही तिकडे पाहुण्यांना अर्धा पेला देता आणि लोक तुम्हाला कंजूस समजतात असं आदित्य एकदा म्हणाला होता. ते तुमच्या या आजीचं देणं आहे.

व्याही गेल्यावर तुम्ही संत्र्याचा बगीचा सांभाळलात, आणि मग लोकांनी तुम्हाला नगरपालिकेत पार्षद म्हणून निवडून दिलं. पाण्याचं काम तुम्ही मागून घेतलंत. रस्ते, दिवे मागणारे पुष्कळ होते, पाणी कुणाला नको होतं, कारण पाण्यात शिव्याच जास्त. तेव्हापासून जेवताना तुमच्या ताटाभोवती पाण्याच्याच गोष्टी. धरणातलं पाणी आलं की त्यात तुरटी घालून गाळ कसा खाली बसवतात, मग वाळूतून कसं गाळतात, जंतू मारायचं औषध कधी घालतात. सगळ्या मोहल्ल्यांचे नळ एकदम सोडले तर शेवटच्या घरी नुसती हवा जाते, म्हणून पाळी लावायची, एक दिवस आड. मोहगावच्या रस्त्यावर पाइप फुटला की तुम्ही भाकर अर्धी टाकून निघायचात. मी आयुष्यभर नळाच्या अलीकडचंच पाणी पाहिलं होतं. पलीकडचं तुम्ही दाखवलंत, आणि खरं सांगते, मला ते ऐकायला फार आवडायचं. वाद घालत ऐकायचे, एवढंच.

आपलं खरं भांडण मात्र माझ्या स्वयंपाकघरात सुरू झालं. तुम्ही कुणाच्या तरी लग्नाला पांढुर्ण्याला आला होता आणि रात्री आमच्याकडे मुक्काम होता. सकाळी नळ आला. नळ आला की मी काय करते ते सगळं गाव करतं. घरातला पाण्याचा प्रत्येक गुंड, प्रत्येक कळशी, माठ, सगळं रिकामं करायचं, घासायचं आणि ताजं पाणी भरायचं. कालचं ते शिळं. मी पहिला गुंड मोरीत उपडा केला आणि मागून तुमचा आवाज आला.

"हे का करून राहिल्या?"

"शिळं पाणी टाकते आहे."

"पाणी का भाकर हाये, शिळं व्हाले?"

तुम्ही मला दारात नेलंत. गल्लीतली नाली पावसाळ्यासारखी वाहत होती, पण पाणी स्वच्छ होतं, अगदी पिण्याजोगं. प्रत्येक घरातून कालचं पाणी बाहेर येत होतं. तुम्ही म्हणालात, सौसरलाही असंच. लोधीखेड्याला असंच. धरणातून आणायचं, गाळायचं, औषध घालायचं, टाकीत चढवायचं, आणि ज्या सकाळी नळ येतो त्या सकाळी अर्धं नालीत सोडायचं. तुमचं म्हणणं होतं की पाइप फुटून जेवढं पाणी जातं त्याहून जास्त बायांच्या हातून जातं, आणि पाइप दुरुस्त करता येतो.

पुढच्या खेपेला तुम्ही फिल्टरवरून औषध तपासायची छोटी कुपी घेऊन आलात. माझ्या झाकलेल्या गुंडातलं कालचं पाणी नळीत घेतलंत, त्यात थेंब टाकले. पाणी फिकट पिवळं झालं. पिवळं झालं म्हणजे औषध अजून आहे, पाणी चांगलं आहे. मी नीट पाहिलं, मान्य केलं, आणि तुम्ही बसस्टँडवर गेल्यावर गुंड रिकामा केला. तुम्हाला ते ठाऊक होतं. वाटेतलं तिगाव यायच्या आतच तुमचा फोन आला. "टाकलं ना?" मी म्हटलं, टाकलं.

मीरा, आदित्य, आता संत्र्याची गोष्ट. ती तुम्हाला अर्धीच माहीत आहे.

एका वर्षी पाऊस कमी झाला. धरण अर्धंच भरलं, आणि त्याच पाण्यावर वरचे बगीचेही तहान भागवत होते. असंच चाललं असतं तर उन्हाळ्यापर्यंत गावाला प्यायला पाणी उरलं नसतं. गावाच्या मैलापाण्याचं शुद्धीकरण केंद्र नुकतंच सुरू झालं होतं, त्यातून निघालेलं पाणी ओढ्यात सोडून देत होते. विहीणबाई, तुम्ही म्हणालात की ते पाणी बगीच्यांनी घ्यावं आणि धरणाचं गावाला सोडावं. पहिलं पाणी तोंडाचं, दुसरं पाणी झाडाचं. बागाईतदारांनी तुमचं बोलणं ऐकून घेतलं, चहा घेतला आणि घरी गेले. म्हणून तुम्ही दुसऱ्या पाण्याची पहिली लाइन स्वतःच्या बगीच्यात घेतलीत.

झाडं तरारली. आंबिया बहाराची फळं अशी भरली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. आणि व्यापारी येईनात. आले ते बाहेरूनच पाहून गेले. बाजारात नाव पडलं होतं, गटाराचे संत्रे. तुमचा माल झाडावरच राहिला असता तर दुसऱ्या एकाही बागाईतदाराने ते पाणी घेतलं नसतं, आणि गावाचं धरण मार्च पाहता पाहता आटलं असतं. तुम्ही बोलत नव्हता, पण त्या दिवसांत तुम्ही जेवत नव्हता हे वसुधा मला फोनवर सांगायची. म्हणून मी आले.

मी आले त्याच दिवशी लोधीखेड्याचे एक शेठ बगीचा पाहायला आले होते. फळ त्यांना आवडलं होतं. पण त्यांचे हात खिशातच होते. ते म्हणाले, माल चांगला आहे हो काकू, पण लोक विचारतील, कशावर पोसला?  तुम्ही माझा दंड धरून मला पुढे केलंत.

"ह्या माह्या ईनबाई. इंग्रजीच्या मास्तरीण. इतके वर्स झाले, लेकीच्या घरचं पाणी पेत नाई. रस्त्यावरची चाय पेत नाई. घरचं कालचं पाणी फेकते. यायनं हा संत्रा खाल्ला तं घ्यान का?"

शेठने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पिशवीकडे पाहिलं, पिशवीतून डोकावणाऱ्या बाटलीकडे पाहिलं. म्हणाले, "यांनी खाल्लं तर घेतो."

मला एवढा राग आला होता. न विचारता मला साक्षीला उभं करणाऱ्या तुम्ही कोण? पण फळवाल्यासमोर विहिणीशी भांडणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, आधी मी पाणी बघणार. मग आपण तिघं शेठच्या गाडीतून केंद्रावर गेलो. तिथे एक तरुण इंजिनीयर मुलगी होती, तिने सगळं फिरवून दाखवलं. चिंध्या, प्लास्टिक अडवणारी जाळी. गाळ बसायची टाकी, तिथे मी नाकाला पदर लावला. मग ती मोठी टाकी, जिच्यात खालून हवा सोडतात आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू घाण खाऊन टाकतात. तिथे वास मातीसारखा झाला होता. मग पुन्हा बसवणं, वाळू, औषध. शेवटच्या हौदात पाणी इतकं नितळ होतं की तळाची फरशी दिसत होती, आणि वर पाटी होती, पिण्यासाठी नाही. मला ती पाटी आवडली. जे पाणी आपण काय नाही ते सांगतं त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, असं मला वाटलं. मी त्या मुलीला शाळेतल्यासारखे प्रश्न विचारले. फळाला हे पाणी लागतं का? नाही, ठिबकने मुळाशी मातीत जातं. कुणी तपासतं का? तपासतो. उरलेला गाळ? वाळवून खत. ती एकदाही अडखळली नाही.

परत आलो. तुम्ही झाडावरून संत्रं तोडून माझ्या हातात दिलंत. शेठ बघत होते, तुम्ही बघत होता, बगीच्यातले मजूरही काम सोडून बघत होते. मी बाटली काढली, झाकण उघडलं आणि संत्रं धुतलं.

 शेठ खोऱ्याच्या दांड्यावर टेकून हसायला लागले. "मॅडम, संत्रं सोलून खातात. धुऊन काय करता?" तुम्ही तर खालीच बसलात. मी मात्र सोललं, एकेक फोड काढून सगळं खाल्लं आणि म्हटलं, गोड आहे. शेठ म्हणाले, ज्या बाई सोलायचं फळ धुतात त्यांनी खाल्लं, आता बाजाराला काय सांगायचं ते मी बघतो. बगीच्यातला सगळा माल त्यांनी घेतला. उन्हाळ्याआधीच त्या लाइनवर शेजारचे बगीचे आले, मग त्यांच्या पलीकडचे. धरण त्या उन्हाळ्यात गावाला पुरलं.

तुम्ही त्याबद्दल माझे कधी आभार मानले नाहीत. "धुऊन खाणारी ईन" हे नाव मात्र सौसरभर करून ठेवलंत. आणि दर हंगामाला पहिली टोपली माझ्याकडे. वर एक ओला पंचा, फळं पुसायला. मी त्यावर चिडायचे. आज तो पंचा कुणी पाठवला तर मी काय देईन, सांगता येत नाही.

तुमच्या आजारपणात मी महिनाभर इथेच राहिले. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. तुम्ही पडल्या पडल्या रोज सकाळी एकच विचारायचात, आज नळ आला का? आला म्हटलं की डोळे मिटायचात. एका दुपारी मी तुमचे पाय चेपत होते आणि कशी कोण जाणे, मी तुम्हाला माझ्या धाकट्या भावाची गोष्ट सांगितली. आम्ही लहान असताना विहिरीच्या पाण्यातून विषमज्वर आला आणि तो गेला. त्या दिवसापासून आईने घरात रात्रीचं पाणी कधी सकाळपर्यंत ठेवलं नाही. रोज उपसायची, रोज घासायची, राख लावून, बोटं सोलेपर्यंत. मी फक्त तिचा हात पुढे चालवला.

तुम्ही मान माझ्याकडे वळवलीत.

"हे आधी काऊन नाई सांगतलं? मी तं इतके वर्स चिडवून राहिली."

"तुम्ही चिडवत होता, तेव्हा ते एवढं जड वाटत नव्हतं," मी म्हटलं.

तुम्ही माझा हात धरलात. मग तुमचं पार्षदपण जागं झालं. "आईनं बरोबर केलं. तवा पाण्यात औषध नोतं. आता हाये." एवढंच. वाद जिंकल्यासारखं म्हणाला नाहीत. त्याच दिवशी तुम्ही आम्हा सगळ्यांना सांगून ठेवलंत की शेवटी तोंडात गंगेचं पाणी घालू नका, नळाचं घाला. गंगा मोठी आहे, पण ती तुम्ही आणली नाही. हे पाणी तुम्ही आणलं आहे.

ज्या सकाळी तुम्ही निघालात ती नळाची सकाळ नव्हती. तुमचा श्वास बदलला तसं तुमच्या प्रशांतने सगळ्यांना हाक मारली. तुमच्या नणंदेने, आत्याबाईंनी, देवघरातला गंगाजळीचा गडू आणला. प्रशांत म्हणाला, आईने नळाचं सांगितलं आहे. आत्याबाई म्हणाल्या, नळ आज कुठं आहे? घरात आहे ते कालचं. मरणाऱ्या माणसाच्या तोंडात शिळं पाणी घालता का?  आईचा शब्द एकीकडे आणि आत्या दुसरीकडे, प्रशांतने तरी काय करावं?

मग आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. या गोतात शिळ्या पाण्याचा निवाडा माझ्याकडे, हे तुम्हीच तर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तुम्ही मला दुसऱ्यांदा साक्षीला उभं केलंत, विहीणबाई, आणि या वेळी दंड धरायला तुमच्या हातात बळ नव्हतं.

मी उठले. स्वयंपाकघरातल्या गुंडावरचं झाकण काढलं, वाटीत पाणी घेतलं, तुळशीचं पान टाकलं.

"आत्याबाई, हा गडू घरात आला तेव्हा वसुधाचं लग्नही झालं नव्हतं. त्याला तुम्ही शिळं म्हणत नाही. हे तर कालचंच आहे. पाणी शिळं होत नाही."

 आत्याबाईंनी गडू खाली ठेवला आणि तुमचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. मी पळीने पाणी घातलं. एक तुम्ही घेतलीत. दुसरी ओठांवरून ओघळली, ती वसुधाने पदराने टिपली. माझं बोलणं तुमच्या कानावर गेलं की नाही, मला कळलं नाही. गेलं असेल तर तुम्ही हसला असाल. मी तुमच्या तोंडाकडे फार नीट पाहत होते.

तुम्हाला नेल्यावर शेजारच्या बाया रीतीप्रमाणे घरातलं भरलेलं पाणी टाकायला उठल्या. मी त्यांना अडवलं नाही. मोरीकडे निघालेल्या कळश्या फक्त परसाकडे वळवल्या, कढीपत्त्याला, तुळशीला, नवीन लावलेल्या लिंबाला. पण ज्या गुंडातून तुमच्यासाठी पाणी घेतलं, तो मी उचलून कोपऱ्यात ठेवला आणि वर झाकण घातलं.  त्या दिवशी मला विचारायची कुणाची छाती नव्हती, किंवा त्यांना कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. आधी हवेची शीळ, मग दोनतीन उचक्या, मग पाणी. सवयीने मी ओरडून सांगणार होते, आला. तुमच्या खोलीचं दार उघडंच होतं.

मी गुंड नळाखाली ठेवला. त्यात अर्धं पाणी होतं. माझे हात आपोआप तो उपडा करायला गेले होते, ते मी मागे घेतले. नळ सोडला. कालच्या पाण्यावर आजचं पडलं, आवाज झाला, फेस आला, बसला. गुंड भरल्यावर कुठलं कालचं आणि कुठलं आजचं, मला ओळखता आलं नाही.

मग पेला घेतला. अर्धा भरला. ओसरीत, याच खुर्चीत बसून प्याले. माझी बाटली पिशवीतच होती.